जोडपं पाहिजे

खाजगी मोटरबोटींवर नोकरी करणाऱ्यांचा एक वेगळाच बाजार आहे. फ्रान्समधलं आंतिब, स्पेनच्या बेटावरचं पाल्मा, अमेरिकेतलं फोर्ट लॉडरडेल ही त्याची नाकी. एखाद्या पैसेवाल्याची साठ-सत्तर फुटी बोट असते. मालक वर्षातून काही आठवडे येऊन राहतो. उरलेले महिने ती राखायची, घासायची, रंगवायची, इंजिन चालतं ठेवायचं आणि मालक म्हणेल त्या बंदरात नेऊन उभी करायची. या कामासाठी ज्या जाहिराती येतात त्यात एक ठरलेला प्रकार आहे : जोडपं पाहिजे. नवरा कप्तान, इंजिनही तोच बघणार. बायको स्वयंपाक, साफसफाई, पाहुण्यांची सरबराई आणि बोट धक्क्याला लागताना दोर टाकायला हाताशी. (क्वचित उलटंही असतं, बायको कप्तान आणि नवरा आचारी. पण क्वचितच.) पगार पुष्कळदा दोघांचा मिळून एकच आकडा. राहायला एक केबिन.

मालकाच्या बाजूने हिशेब सोपा आहे. बोटीवर सगळ्यात महाग चीज म्हणजे जागा. दोन परकी माणसं ठेवली तर त्यांना दोन केबिनी द्याव्या लागतात, म्हणजे पाहुण्यांची एक खोली गेली. नवरा-बायको एका बिछान्यावर झोपतात. शिवाय एकटा माणूस घरच्या ओढीने नोकरी सोडतो, जोडप्याचं घर बोटीवरच असतं. भांडण झालंच तर ते आपसात, मालकापर्यंत येत नाही. एका पगारात दोन माणसं आणि वर एक संसार, तोही स्वतःला सांभाळणारा!

आता हे सगळं वाचून कंधारच्या माणसाला काय आठवावं? आमच्याकडे समुद्र म्हणजे जगत्तुंग समुद्र. राष्ट्रकूटांच्या काळातला तलाव. कंधारला सापडलेल्या तिसऱ्या कृष्णाच्या शिलालेखात त्याचं नाव येतं. बाकी पाणी म्हणजे किल्ल्याचा खंदक, मन्याड नदी, आणि अलीकडची बारूळ नि लिंबोटीची धरणं. मोटरबोट घेऊन फिरायला येणारा मालक इथे कुठला. पण 'जोडपं पाहिजे' हे शब्द मात्र आमच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. कंधार, मुखेड, लोहा या भागातल्या गावांतून आणि तांड्यांतून दसरा-दिवाळी झाली की ट्रकच्या ट्रक भरून माणसं ऊस तोडायला जातात. ती मोजायची पद्धत अशी : एक नवरा आणि एक बायको मिळून एक कोयता.

पुण्या-मुंबईच्या वाचकासाठी जरा सविस्तर सांगतो. कोयता हे हत्यार तर आहेच, पण ऊसतोडीच्या धंद्यात ते माणसं मोजायचं माप आहे. मुकादम कारखान्याशी करार करतो तो इतक्या कोयत्यांचा. पावसाळ्यात, हाताला काम नसतं तेव्हा, तो गावात येऊन उचल देतो ती कोयत्यावर. हंगाम संपताना हिशेब होतो तोही कोयत्याचा. एकटा माणूस, मग तो विधुर असो, बिनलग्नाचा असो की नवऱ्याने टाकलेली बाई असो, तो अर्धा कोयता. हा शब्दप्रयोग माझा नाही, धंद्यातला आहे. अर्ध्या कोयत्याला उचल अर्धी, आणि बरेच मुकादम त्याला घ्यायलाच नाखूष. मग विधवा बाई भावाबरोबर जाते, पोराबरोबर जाते, कशीतरी जोडी पुरी करते. पोरीचं लग्न लवकर उरकण्यामागे जी अनेक कारणं असतात त्यात हेही एक आहे. लग्न झालं की पोराचा अर्धा कोयता पुरा होतो. कारखान्याच्या चिमणीची सावली आमच्याकडच्या लग्नाच्या वयावर पडते ती अशी.

हे माप कधी पडलं याची एक तारीख सांगता येत नाही. क्रम मात्र सांगता येतो. १९३२ मध्ये माळीनगरला सासवड माळी शुगरचा कारखाना निघाला. खाजगी कंपन्यांचे कारखानेही त्या सुमारास नगर जिल्ह्यात कालव्यांच्या कडेने उभे राहत होते. मग विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला आणि १९५०च्या अखेरीस त्याचं गाळप सुरू झालं. त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांगच लागली. पाणी तिकडे आणि रिकामे हात इकडे. आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाकडे, शेती पावसावरची, ज्वारी-कापसाची. खरीप निघालं की माणूस मोकळा. पहिल्यांदा जाणारे बहुतेक गाडीवान होते, स्वतःची बैलगाडी आणि बैल घेऊन जाणारे. ऊस तोडायचा, गाडीत भरायचा, कारखान्यावर नेऊन ओतायचा. गाडी हाकायला नवरा गेला की फडात तोडायला आणि मोळ्या बांधायला दुसरं माणूस हवंच. ते घरचं असलं तर त्याला वेगळी मजुरी द्यावी लागत नाही. एका गाडीला बैलांची जोडी आणि माणसांची जोडी, असा तो चौघांचा हिशेब. १९७२च्या दुष्काळानंतर ज्यांच्याकडे बैलही उरले नव्हते तेही निघाले. त्यांच्या टोळ्या ट्रकवर चालतात. मोळी डोक्यावर घेऊन, ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढायचं आणि टाकायची. चढणाऱ्यांत बाया असतात, पोटुशा बायाही असतात.

बाईचा दिवस पुरुषाच्या आधी दोन तास सुरू होतो. पहाटे तीन-चारला उठून भाकरी, पाणी, मग फड. नवरा बुडख्यात घाव घालतो, पाचट काढतो, वाढं उडवतो. बायको ऊस गोळा करून मोळी बांधते, तीही कोयता चालवते. मोळी बांधायची, वाहायची, भरायची. ट्रक रात्री आला तर रात्री. कोपीवर परत आल्यावर पुन्हा चूल, धुणं, पोरं. दिवसाला जोडीचा दीड-दोन टन ऊस होतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि दर टनाला साडेतीनशे रुपयांच्या पुढे गेला. म्हणजे चांगल्या दिवशी दोघांचे मिळून सातशे. 'दोघांचे मिळून' हे शब्द नीट वाचावेत, कारण सगळी गोम त्यातच आहे. कुणाचे किती, हा प्रश्नच या हिशेबात बसत नाही. वही मुकादमाची, अंगठा नवऱ्याचा, उचल नवऱ्याच्या हातात. बाई त्या वहीत कुठे आहे? कोयत्यात आहे.

हे फक्त आपल्याकडच्या मागासलेपणाचं लक्षण असं कुणाला वाटेल, म्हणून जरा लांबची गोष्ट सांगतो. बोटीचीच आहे, आणि मोटरबोटीची आहे.

इंग्लंडात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कालव्यांचं जाळं पसरलं. कोळसा, लोखंड, धान्य सगळं घोड्यांनी ओढलेल्या अरुंद नावांतून जायचं. नावाडी पुरुष, त्याचं बिऱ्हाड काठावरच्या घरात. मग १८३०-४०च्या सुमारास रेल्वे आली आणि भाडं पडलं. नावाड्याला मजुरी टनावर मिळायची, ती पुरेना. तेव्हा त्याने पगारी गडी काढून टाकला, काठावरचं भाड्याचं घर सोडलं आणि बायको-पोरं नावेवर घेतली. बायको सुकाणू धरणार, पोरगं घोड्याबरोबर चालणार. संसाराला नावेच्या शेपटाकडची जेमतेम दहा फूट लांब, सात फूटही रुंद नसलेली खोली. त्यात चूल, फळी पाडून होणारा बिछाना, आणि सगळी माणसं. कंपनीच्या वहीत नाव नावाड्याचं एकट्याचं. गडी गेला, त्याचा पगार वाचला, त्याच्या जागी बायको आली, आणि तिचा पगार कुणाच्या डोक्यातही आला नाही.

१९१२ पासून फेलोज मॉर्टन अँड क्लेटन या मोठ्या वाहतूक कंपनीने नावांत बोलिंडर नावाची तेलावरची इंजिनं बसवायला घेतली. तरीही जोडपं सुटलं नाही, उलट पक्कं झालं. पुढे मोटर लावलेली नाव, मागे दोराने बांधलेली बिनइंजिनाची दुसरी नाव. तिला बटी म्हणत. मोटरवर नवरा, बटीवर बायको. दोघांमध्ये दोराची लांबी आणि इंजिनाचा आवाज, बोलणं हातवाऱ्यांनी. पन्नासेक टन माल दोघांनी न्यायचा. बटीवरची बाई एका हाताने सुकाणू धरून दुसऱ्या हाताने बटाटे सोलायची, आणि चुलीवरच्या कालवणाकडे तिचं लक्ष असायचंच. मजुरी पूर्वीसारखीच टनावर, खेपेवर, आणि कप्तानाच्या हातात. कप्तान म्हणजे मोटरवरचा.

टनावरचा दर, वहीत एक नाव, दोन माणसांचं काम, हंगामभर एक खोली. कोपी आणि केबिन यांत फरक फक्त पाण्याचा.

पोरांची गतही तीच. जॉर्ज स्मिथ नावाच्या एका धडपड्या माणसाने नावांवरच्या पोरांसाठी आरडाओरडा केला आणि १८७७ मध्ये कायदा झाला. त्या कायद्याने पहिली गोष्ट काय केली, तर प्रत्येक नावेची राहण्याची जागा म्हणून नोंद करायला लावली : या खोलीत किती माणसं राहू शकतील, कोणत्या वयाची, बाई की पुरुष. शाळेचा प्रश्न त्याने सुटला नाही, कारण नाव आज इथे तर उद्या तिथे. १९३०च्या सुमारास लंडनच्या पश्चिमेला एका जुन्या मालवाहू नावेतच शाळा थाटली होती. बोट माल भरायची वाट बघत थांबली की तेवढे दिवस पोरं वर्गात. आपल्याकडे नव्वदच्या दशकात फडांजवळ साखरशाळा निघाल्या त्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. साठ वर्षांचं अंतर आणि हजारो मैलांचं, पण उपाय अगदी सख्ख्या भावासारखा.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. जोडीने जाणं हे स्वतः त्या जोडप्याला नेहमीच नको असतं असं नाही. कोकणातला खलाशी बोटीवर गेला की वर्ष-दीड वर्ष परत यायचा नाही, मनीऑर्डर यायची. त्याच्या बायकोला विचारलं असतं तर तिने कदाचित दहा फुटांची केबिन आनंदाने पत्करली असती. आमच्याकडेही मागे राहिलेल्या बाईचे हाल काही कमी नाहीत. आणि धरणांच्या पाण्यात मासे धरणारी भोई समाजातली जोडपी बघावीत. एक वल्हं मारतो, एक जाळं ओढतो, काम दोघांचंच आणि जोखीमही दोघांची. पण तिथे जाळं त्यांचं असतं. मासा विकायला बाई बसते आणि पैसा तिच्या हातातून जातो. जोडीने काम करणं आणि जोडी म्हणून कामाला लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मला वाटतं आपण त्या फार सहज एक करून टाकतो. 'दोघं मिळून राबतात' हे वाक्य आपण कौतुकाने म्हणतो. मुकादमही ते कौतुकानेच म्हणतो.

जोडी हे माप असलं की त्यातलं एक माणूस थांबलं तरी दुसऱ्याचा रोज बुडतो, ही त्यातली खरी मेख. फडात त्याला खाडा म्हणतात. बाईला बरं नाही म्हणून ती कोपीत राहिली तर खाडा कोयत्याचा पडतो, आणि कित्येक ठिकाणी वर दंडही कापतात. महिन्याचे ते चार दिवस, अंगावरून जाणं, बाळंतपण, सगळं या खाड्याच्या हिशेबात येतं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या गर्भपिशव्यांची बातमी देशभर गाजली. त्यावर शासनाने समिती नेमली, नीलम गोऱ्हे तिच्या अध्यक्ष होत्या. सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. तरण्याताठ्या बायाही त्यात होत्या. कारणं एकच एक नाहीत हे खरं. फडात आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, त्यातून होणारे आजार, कॅन्सरची भीती घालून ऑपरेशन करणारे खाजगी डॉक्टर, हे सगळं आहे. पण त्या बाईच्या डोक्यात खाडा नव्हता असं कोण म्हणेल? उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामात पुन्हा त्याच मुकादमाकडे जावं लागतं. कर्ज कोयत्याच्या नावावर असतं, त्यामुळे नवरा मेला तरी ते मरत नाही.

आता पुन्हा त्या चकचकीत बोटींकडे. तिथली जोडपी गरीब नाहीत, सर्टिफिकेटं असलेली, जग बघितलेली. उन्हाळा भूमध्य समुद्रात, हिवाळा कॅरिबियन बेटांत, म्हणजे स्थलांतर हंगामीच. त्यांची आणि आमच्या तांड्यावरच्या जोडप्यांची तुलना करायची म्हणजे जरा धाडसच. तरी काही गोष्टी जुळतात. दोघांपैकी एकाला काढलं की दुसऱ्याला जावंच लागतं. दोघांचं पटेनासं झालं तर नवरा, नोकरी आणि घर एकाच दिवशी जातं. आणि एकत्र पगाराच्या आकड्यात स्वयंपाक, धुणं, इस्त्री आणि रात्री पाहुणे परतेपर्यंत जागणं याची किंमत किती धरली आहे हे कुणालाच माहीत नसतं, पगार देणाऱ्यालासुद्धा.

कायद्याचं म्हणाल तर २००६ मध्ये जिनिव्हाला सागरी कामगारांचा आंतरराष्ट्रीय करार झाला, २०१३ मध्ये तो अमलात आला, भारतानेही २०१५ मध्ये मान्य केला. त्यात प्रत्येक खलाशाचा वेगळा लेखी करार हवा. चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात सत्याहत्तर तास विश्रांती हवी. उत्तम आहे. पण धंद्यासाठी न वापरल्या जाणाऱ्या बोटी त्यातून वगळल्या आहेत. बोट भाड्याने दिली तर ती कामाची जागा, आणि मालक नुसता मित्रांना घेऊन फिरला तर ते त्याचं घर! घरात काम करणाऱ्यांना मोजायचं नाही ही खोड जगात सगळीकडे सारखी दिसते.

आपल्याकडे कायदे कागदावर भरपूर झाले. १९७६ चा वेठबिगारीविरुद्धचा, १९७९ चा परराज्यात जाणाऱ्या मजुरांचा. आमच्याकडचे पुष्कळ लोक कर्नाटकातल्या कारखान्यांवरही जातात, तेव्हा दुसरा थेट लागू व्हायला हवा होता. दादा पाटील शेळके समितीही १९९०च्या दशकात होऊन गेली. २०१९ मध्ये गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झालं. कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यायचं ठरलं, आणि पुढे गावोगावी ग्रामसेवकांमार्फत नोंदणी करून ओळखपत्र द्यायचंही. महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटना एकच गोष्ट लावून धरतात : बाईची नोंद वेगळी करा, कोयत्यात नको. ऐकायला किती किरकोळ मागणी आहे! रकाना एक वाढवायचा. पण तो रकाना वाढला की अपघात झाला तर भरपाई तिच्या नावाने मागता येते, बाळंतपणाची रजा मागता येते, मजुरी तिच्या खात्यात टाका म्हणता येतं. आणि मुख्य म्हणजे तिचा आजार हा तिचा आजार ठरतो, जोडीचा खाडा ठरत नाही.

इंग्लंडातल्या त्या बटीवरच्या बायांना असा रकाना मिळेपर्यंत धंदाच टिकला नाही. १९४८ मध्ये बहुतेक कालव्यांचं राष्ट्रीयीकरण झालं, लॉऱ्यांनी माल पळवला, आणि १९६२-६३च्या हिवाळ्यात कालवे कित्येक आठवडे गोठून राहिले तेव्हा उरलीसुरली वाहतूक बसली. आज त्याच कालव्यांतून हौशी लोकांच्या खाजगी मोटरबोटी फिरतात. त्यांत निवृत्त जोडपी पुष्कळ असतात.

फडातही आता हार्वेस्टर आला आहे. मोठं यंत्र दिवसाला शंभर टनांच्या आसपास ऊस कापतं, म्हणजे पन्नासेक कोयत्यांचं काम. पण बारक्या, बांधाबांधाच्या तुकड्यांत ते वळत नाही, आणि पाऊस पडून रान ओलं झालं की अडकतं, म्हणून कोयते लागतात आणि उचली अजून वाटल्या जातात. हार्वेस्टरवर एक चालक असतो, जोडीला एक मदतनीस. दोघेही पुरुष, दोघांचा पगार वेगवेगळा.